सर्जेरावांचे जावई

आठवड्यातून एक दिवस सर्जेराव उपास धरतात. तो पंचांगात नसतो. टाकीतलं यीस्ट ज्या दिवशी उपाशी, त्या दिवशी सर्जेरावही उपाशी.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे जरा समजावून सांगावं लागतं. सांगलीच्या बाहेर औद्योगिक वसाहतीत आमची एक मध्यम आकाराची कंपनी आहे. मी तिथे क्वालिटी विभागात आहे. आमच्याकडे दुधातलं एक प्रथिन तयार होतं, पण ते दुधापासून काढत नाहीत. पाव फुगवायला वापरतात त्या यीस्टच्या एका भाऊबंदाच्या जनुकांत गाईच्या जनुकाचा एक तुकडा बसवलेला आहे. हे यीस्ट स्टीलच्या बंद टाकीत वाढवलं की ते प्रथिन तयार करतं आणि भोवतालच्या पाण्यात सोडतं. मग ते गाळायचं, वाळवायचं, पांढरी पावडर होते, ती पोत्यांत भरून लांब जाते. या कामात एक टप्पा असा येतो, की साखरेच्या पाकावर यीस्ट भरपूर वाढवून घ्यायचं आणि मग त्याचं खाणंच तोडायचं. दोन-अडीच तास काही द्यायचं नाही. आधीची साखर पार संपली की दुसरं खाद्य सुरू करायचं, आणि त्या खाद्यावरच ते प्रथिन सोडायला लागतं.

त्या दोन-अडीच तासांत सर्जेराव अन्नाला शिवत नाहीत. चहासुद्धा घेत नाहीत.

मला हे कळलं तेव्हा मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. माझं काम नियम बघण्याचं आहे, आणि खरं सांगायचं तर स्वभावही तोच आहे. म्हटलं, "सर्जेराव, जेवणाची सुट्टी साडेबाराला असते. ती घ्यायची. उपाशी माणसाच्या हातून चुका होतात."

ते टोपी हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "मॅडम, जावई उपाशी बसल्यात आन सासऱ्यानं डबा उघडायचा? रीत हाय का ही?"

"कुठले जावई?"

त्यांनी काचेतून दोन नंबरच्या टाकीकडे बोट केलं.

सर्जेरावांचं निम्मं आयुष्य एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गेलं. तिथे मळीपासून अल्कोहोल करतात, आणि ते कामही यीस्टच करतं. त्यामुळे यीस्ट त्यांना नवं नव्हतं. आमचं यीस्ट मात्र नवं होतं. "तितलं यीस्ट म्हंजे गडीमाणूस," ते सांगू लागले. "मळी द्या, पाणी द्या, ऊन असू द्या न्हाईतर थंडी, राबतंय बिचारं. ह्यांचं तसं न्हाई. ह्यांना अठ्ठावीसच डिग्री पायजे. हवा गाळून पायजे. खाणं येळंवर पायजे, ते बी उकळून घेतल्यालं. जरा कुटं मनाविरुद्ध झालं की रुसून बसत्यात. आता हे जावई न्हाईत तर काय हायत?"

पुढे महिनाभरात तो शब्द प्लँटभर झाला. मॅनेजरसाहेब पुण्याचे, परदेशात शिकलेले, पण तेही फोनवर "आज जावई कसे आहेत?" असं विचारू लागले. मी तेवढा तो शब्द कागदावर येऊ दिला नाही.

सर्जेराव छप्पन वर्षांचे आहेत. ठेंगणे, मजबूत, कानांवर केस, आणि बोलताना समोरच्याच्या पोटाकडे बघण्याची सवय. ही सवय अनेकांना खटकते. त्यांचं म्हणणं असं की माणूस तोंडानं खोटं बोलतो, पोटानं बोलत नाही. टाकीतून नमुना काढण्याआधी ते बोटाच्या पेरानं टाकीवर दोनदा टकटक करतात. नमुना काढण्याच्या आमच्या लेखी पद्धतीत अकरा पायऱ्या आहेत. सर्जेरावांच्या बारा. ही बारावी कशाला, असं मी विचारलं. "न सांगता कुणाचं दार उघडू न्हाई. रीत हाय ती." टकटक करू नये असा नियम मी शोधला. सापडला नाही.

'रीत हाय ती' हे त्यांचं शेवटचं वाक्य असतं. त्यानंतर चर्चा होत नाही. एकदा परदेशातून एक सल्लागार आले होते. नेमका उपासाचा टप्पा चालू होता आणि ते गृहस्थ टाक्यांच्या हॉलबाहेरच्या काचेशी उभे राहून सँडविच खात होते. सर्जेराव बाहेर गेले, नमस्कार केला, त्यांच्या हातातलं सँडविच काढून घेतलं आणि लॉकरमध्ये ठेवून कुलूप लावलं. दोन तासांनी, दुसरं खाद्य सुरू झाल्यावर, ते कँटीनमध्ये गरम करून बशीत घालून त्यांना परत दिलं. सोबत लोणचं. सल्लागारांनी त्यांच्या अहवालात आमच्या कामगारांच्या 'बांधिलकी'बद्दल एक अख्खा परिच्छेद लिहिला. आम्ही तो फ्रेम करून लावला आहे.

ते नेहमी बरोबर असतात असं मात्र कुणी समजू नये. एकदा सकाळी ते माझ्याकडे धावत आले. "मॅडम, आंबूस वास येतोय. जावयांत कोण तरी परका शिरलाय." म्हणजे टाकीत दुसरे जंतू शिरले. हे खरं असतं तर सगळी बॅच टाकून द्यावी लागली असती. आम्ही तीन दिवस नमुने तपासले. काही सापडलं नाही. चौथ्या दिवशी सुपरवायझर पाटलांनी स्वतःचा लॉकर उघडला, तर आत तासगावहून आणलेली द्राक्षांची पेटी होती, विसरलेली आणि फसफसलेली. सर्जेराव म्हणाले, "वास खरा हुता. जागा चुकली." त्यांनी ही चूक मान्य केली असं मी धरून चालते.

भुकेच्या बाबतीत त्यांचं सहसा चुकत नाही. टाकीतलं खाणं संपलं की यीस्टचा श्वास मंदावतो, पाण्यातला ऑक्सिजन वापरला जात नाही आणि संगणकाच्या पडद्यावर त्याची रेघ झपकन वर जाते. ती रेघ बघून आम्ही ठरवतो की साखर संपली. सर्जेराव पडद्याकडे पाठ करून टाकीला कान लावतात आणि म्हणतात, "ताट रिकामं झालं." मिनिटा-दोन मिनिटांनी रेघ वर जाते. मी महिनाभर घड्याळ लावून हे तपासलं. बऱ्याचदा खरं निघालं. ते कसं कळतं, हे त्यांना सांगता येत नाही आणि मला लिहिता येत नाही.

माणसांचीही त्यांना भूक कळते. एकदा मी घरी जरा वाद घालून, न खाताच आले होते. चेहरा नेहमीसारखा ठेवला होता, निदान तसं मला वाटत होतं. दहा वाजता माझ्या टेबलावर कागदात बांधलेली अर्धी भाकरी आणि खर्डा आला. सर्जेराव दार ओढून गेले. कार्यालयात बाहेरचं अन्न टेबलावर आणू नये, असा मीच लिहिलेला नियम आहे. मी ती भाकरी खाल्ली.

अशा माणसाच्या घरी कसली अडचण असेल असं मला वाटलं नव्हतं. पण होती, आणि ती आमच्या प्लँटमुळेच होती.

सर्जेरावांचं गाव आमच्यापासून सात-आठ किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी. आई-वडील गेलेले. भाऊ दोनच, यशवंतदादा आणि हे. दादा दहा वर्षांनी मोठे. त्यांच्या वडिलांचं उसाचं गुऱ्हाळ होतं. दादा काहिलीवर, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईवर, गूळ रांधायचे आणि सर्जेराव खाली चुलवाणात जाळ घालायचे; रस फेसाळून उतू चालला की दादा तेल टाकायला ओरडायचे. पुढे गुऱ्हाळ बंद पडलं. सर्जेराव डिस्टिलरीत गेले, दादांनी म्हशी घेतल्या. आज त्यांच्या गोठ्यात सात म्हशी आहेत, आणि गावच्या दूध संस्थेचे ते चेअरमन आहेत.

आमच्याकडे नोकरी लागली त्या दिवशी सर्जेरावांनी घरी जाऊन सगळं सांगितलं. "आनंदानं सांगितलं वो मॅडम," ते मला म्हणाले. "म्हनलं, दादा, टाकीत दुधाचं सत्त्व तयार व्हतंय, म्हस नगं का गाय नगं. दादा जेवत हुता. त्यानं ताट सारलं. म्हनला, कासंला हात न लावता दूध काढणाऱ्या माणसाशी मला बोलायचं न्हाई. आन उठला."

त्याला दोन वर्षं झाली. दादा बोलले नाहीत.

दोघांची घरं एका अंगणात आहेत, मधे गोठा. जावा-जावा बोलतात, भाजीच्या वाट्या इकडून तिकडे जातात. पण शेती अजून एकत्र, विहीर एक, मोटार एक. न बोलून चालणार कसं? यावर यशवंतदादांनी तोड काढली. ते गोठ्यात उभे राहतात आणि राणी नावाच्या थोरल्या म्हशीला मोठ्यानं सांगतात, "राणे, सांग त्याला, उद्या पाण्याची पाळी आपली हाय. दारं धरायला जायाचं म्हणावं." सर्जेराव अंगणात मोपेड पुसत असतात. ते मोपेडला सांगतात, "गाडे, सांग त्यांना, मी जातो म्हणावं." असा दोन वर्षं त्या घराचा कारभार चालला होता.

मी हे ऐकून हसले. सर्जेरावही हसले. पण रोज सकाळी आले की ते मला, दादा काल राणीला काय काय म्हणाले, ते सांगायचे. पाऊस, खत, कुणाचं लग्न. सांगून झालं की म्हणायचे, "एकदा माझ्या तोंडाकडं बघून बोलू दे. शिव्या घालू दे. पण मला घालू दे."

त्यासाठी त्यांच्याकडे एक योजना होती. दादांना प्लँट दाखवायचा. "दादानं नुसतं बघितलं की त्याला कळंल. हे बी जित्राबच हाय, मॅडम. उपाशी ठेवलं की कळतंय, जास्त घातलं की फुगतंय, गारठलं की आखडतंय. म्या काय चोरी करत न्हाई. म्या बी जित्राबच राखतोय." त्यांनी दादांना आत आणण्याच्या परवानगीसाठी चार अर्ज केले. चारही मी नाकारले. बाहेरच्या व्यक्तीस उत्पादन विभागात प्रवेश नाही, असं लाल शाईनं लिहून.

मग गेल्या हिवाळ्यात आसपासच्या गावांत बोलवा उठली. कुणी म्हणालं, कंपनी इंजेक्शनचं दूध करते. कुणी म्हणालं, यांचं पाणी ओढ्याला आलं की म्हशी आटतील. एक दिवस खुलासा मागणारं दूध संस्थेचं पत्र आलं. खाली चेअरमन म्हणून यशवंतदादांची सही. मॅनेजरसाहेबांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "बोलवा सगळ्यांना. बघू देत."

सर्जेरावांनी ते ऐकलं आणि थेट स्टोअरमध्ये जाऊन टाकी पुसायचे नवे फडके मागितले.

आठ दिवस ते टाकी पुसत होते. दाखवायला आम्ही पाचशे लिटरची छोटी टाकी निवडली, कारण तिला समोर जाड काचेची गोल खिडकी आहे आणि आत दिवा आहे. बॅच अशी धरली की त्या दिवशी यीस्ट साखरेच्या पाकावर जोमानं वाढत असेल. "उपासाच्या दिशी पाव्हणं नगं," सर्जेराव म्हणाले. "जावई जेवताना दिसू देत."

पंधरा माणसं आली. त्यांना पांढरे कोट, टोप्या आणि बुटांवरून पिशव्या चढवण्याचं काम माझ्याकडे होतं. यशवंतदादा उंच, रुंद, पांढऱ्या मिशांचे आणि फेट्याचे. मी म्हटलं फेटा काढावा लागेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी टोपी फेट्यावरूनच ओढली. पहिली फाटली. दुसरी बसली. मास्कच्या दोन्ही बाजूंनी मिशा बाहेर राहिल्या, तिकडे मी दुर्लक्ष केलं.

हॉलमध्ये शिरले आणि पहिलं काय दिसलं, तर टाकीसमोर एक खुर्ची. कँटीनमधली लाल प्लास्टिकची, स्पिरिटनं पुसून लख्ख केलेली. हॉलमध्ये खुर्ची आणायला सक्त मनाई आहे. मी तोंड उघडलं, पण माझ्या मागे पंधरा माणसं होती, आणि सर्जेराव खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. ते कुणालाच 'बसा' म्हणाले नाहीत. नुसते बाजूला सरकले. यशवंतदादा आले आणि काठी टेकून खुर्चीत बसले. त्यांनी भावाकडे बघितलं नाही. मी गप्प राहिले. ही माझी चूक होती आणि ती मी नंतर लिहूनही दिली.

सर्जेरावांनी बोलायला सुरुवात केली. माणूस लाजतो असं मला वाटलं होतं, पण ते सुरेख बोलले. यीस्ट म्हणजे काय, गाईचा तुकडा म्हणजे काय, "ह्यांच्या पोटात एकच ओळ जादा लिवलीया, बाकी सगळं ह्यांचंच." मंडळींनी जे प्रश्न विचारले ते आमच्या कुठल्याही तपासनिसानं आजवर विचारले नव्हते.

"वैरण काय?"

"साखरंचा पाक."

"मग शेण?"

"शेण न्हाई. वायू सोडत्यात. त्यो बगा वरच्या नळीतनं जातोय."

"भाकड व्हतंय का?"

"व्हतंय की. पाच-सा दिवसांनी जोर कमी येतो. मग वाफ देऊन मारायचं. ह्यांना जित्तं भाईर सोडायचं न्हाई, तसा कायदा हाय."

"म्हंजे जलमभर बांधूनच," एक म्हातारे म्हणाले आणि मान हलवली.

दादांनी एकही प्रश्न विचारला नाही. ते काचेच्या खिडकीकडे बघत होते. सर्जेराव उत्तरं सगळ्यांना देत होते, पण प्रत्येक उत्तर संपलं की एकदा दादांकडे बघत होते. मी दाराशी उभी राहून टोप्या मोजत होते. त्यामुळे आत काय चाललंय ते आम्हा दोघांनाही दिसलं नाही.

आत फेस चढत होता. जोमानं वाढणाऱ्या टाकीत हवा सोडली की फेस येतोच. तो वरच्या दांडीला लागला की एक छोटा पंप आपोआप सुरू होतो आणि बाटलीतलं तेल थेंबाथेंबानं टाकीत सोडतो. तेल पडलं की फेस बसतो. पंप सुरू झालेला होता, फिरत होता, त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. पण फेस बसत नव्हता. फेस आणखी वर, बाहेर जाणाऱ्या हवेच्या फिल्टरपर्यंत गेला असता तर फिल्टर भिजून हवा कोंडली असती आणि पाचशे लिटरची बॅच पाण्यात गेली असती.

सर्जेराव सांगत होते, "तर मंडळी, ह्यांचं जित्राबासारखंच हाय..."

"आरं सर्ज्या!" यशवंतदादा काठी टाकून उभे राहिले. "तेल टाक, तेल! काईल उतू चाललीया, बघतूस काय येड्यावानी!"

"टाकतो, दादा!"

हे 'टाकतो दादा' छप्पन वर्षांच्या माणसाचं नव्हतं. चुलवाणापुढे बसलेल्या कुणाचं तरी होतं. सर्जेरावांनी एका हातानं हवा कमी केली, दुसऱ्या हातानं आतला पंखा मंद केला आणि पंपाकडे झेप घेतली. तोवर काय झालं कोण जाणे, तेल एकदम भस्सकन आत गेलं. खिडकीत फेस खाली आला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरसाहेबांनीही वाजवल्या, त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

टाळ्या थांबल्या तेव्हा यशवंतदादांच्या लक्षात आलं की आपण बोललो. ते लाल झाले. काठी उचलली, वळले आणि सरळ माझ्याकडे आले. माझ्याकडे बघून, पण सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "त्याला सांगा, आधी जाळ कमी करायचा असतो, मग तेल. दर खेपंला सांगायला लागतंय."

दोन वर्षं राणीकडे असलेलं काम माझ्याकडे आलं होतं. मी वळून म्हटलं, "सर्जेराव, आधी जाळ कमी करायचा, मग तेल." सर्जेराव म्हणाले, "व्हय मॅडम." त्यांच्या हाताला तेल लागलेलं होतं आणि ते हात कोटाला पुसत होते, कोट खराब होतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मंडळी चहा घेऊन गेली. दूध संस्थेचं दुसरं पत्र काही आलं नाही. चांगलं नाही, वाईटही नाही.

मग माझं काम सुरू झालं. पंप फिरत असताना तेल का गेलं नाही? मी बाटलीपासून टाकीपर्यंत नळी बोटानं चाचपत गेले. ती मऊ रबरी नळी जमिनीलगत जाते. एका जागी तिच्यावर खुर्चीच्या पायाचा गोल वळ होता. दादा बसले तेव्हा नळी चेमटली. दादा उठले तेव्हा सुटली. त्यांनी ओरडून तेल टाकायला सांगितलं आणि ओरडायला उठले म्हणून तेल पडलं. बॅच वाचली, फक्त थोडं तेल जास्त झालं.

अशा गोष्टीचा लेखी अहवाल करावाच लागतो. दोन दिवसांनी सकाळी मी सर्जेरावांना बोलावलं. आधी विचारलं, "घरी बोलले का दादा?"

"न्हाई. राणीला म्हनला, कंपनीत त्याला म्हणावं नळीकडं ध्यान ठेव." ते थोडं हसले. "नळीचं त्याला कसं कळलं म्हनून म्या गाडीला इच्यारलं. उत्तर न्हाई आलं."

मी फॉर्म पुढे ओढला. कारण: नळीवर खुर्ची. खुर्ची कुणी ठेवली: सर्जेराव. का ठेवली, या रकान्यापाशी मी थांबले. ते म्हणाले, "थोरल्या भावाला हुभं ठेवायचं व्हय मॅडम? आठ दिस टाकी पुसली ती कशासाठी?" मी 'अभ्यागतांच्या सोयीसाठी' असं लिहिलं.

पुढचा रकाना होता: बिघाड प्रथम कोणाच्या लक्षात आला. मी सवयीनं 'ऑपरेटर' लिहायला घेतलं. त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"माझं नाव नगं. मला दिसलं न्हाई."

"सर्जेराव, पडद्याकडे पाठ करून तुम्हाला टाकीतलं कळतं. तुम्हाला फेस दिसला नाही?"

"न्हाई मॅडम. म्या दादाकडं बघत हुतो."

मी दादांचं नाव लिहिलं. बाहेरच्या माणसाचं नाव त्या रकान्यात येत नाही, तरी लिहिलं. त्याच्या खालचा रकाना, दिलेली सूचना शब्दशः नोंदवावी. मी लिहिलं, 'ऑपरेटरला तेल सोडण्यास सांगितले.' फॉर्म त्यांच्याकडे सहीसाठी फिरवला.

ते बराच वेळ वाचत होते. प्रत्येक शब्दाखाली बोट. त्या ओळीपाशी बोट थांबलं आणि पुढे सरकेना. मला वाटलं अक्षर लागत नाही.

"मॅडम, असं न्हाई म्हनला त्यो."

"अर्थ तोच आहे."

"अर्थ तोच हाय. पण त्यो सर्ज्या म्हनला." त्यांनी बोट उचललं नाही. "हितं सगळी सर्जेराव म्हनत्यात, पोरं तात्या म्हनत्यात. घरात मंडळी नाव घेत न्हाईत. आई गेली, बा गेला. मला सर्ज्या म्हननारा आता जगात त्यो एकच माणूस हाय, आन त्यो दोन वर्सं म्हशीला 'त्याला सांग' म्हनतोय." मग जरा ओशाळून म्हणाले, "तुमच्या नियमात बसत असलं तर बघा. न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

मला भरून आलं. हे लिहायला मला संकोच वाटतो, पण आलं. मी खाली बघितलं आणि पट्टी घेतली. आमच्याकडे लिहिलेलं पुसत नाहीत, पांढरी शाई लावत नाहीत. चुकलेल्या मजकुरावर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. मी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'आरं सर्ज्या, तेल टाक.'

त्यांनी ते वाचलं आणि खाली सही केली. खाडाखोडीच्या शेजारी दुरुस्ती करणाऱ्याची सही आणि तारीख लागते. ती मी घातली.